सासूबाईंची बॅलन्स टेस्ट आणि काठी, माझा अनुभव

घरातलं वयस्कर माणूस भिंतीला, कपाटाला हात लावत चालायला लागलं असेल तर दुकानातून काठी आणून देण्याआधी फिजिओकडे बॅलन्स टेस्ट करून घ्या, एवढं सांगायलाच हे लिहितेय.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. सासूबाई 78 वर्षांच्या, शुगर खूप जुनी, उजवा गुडघा दुखतो. पडल्या कधीच नाहीत पण पडायची भीती इतकी बसली की तलावपाळीला कौपिनेश्वराच्या देवळात जाणंच बंद केलं, आणि बसून राहिलं की पायातली ताकद अजून कमी होते.

टेस्टला मशीन वगैरे काही नसतं. खुर्ची, स्टॉपवॉच आणि 3 मीटरवर चिकटवलेली पट्टी. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, याला टाइम्ड अप अँड गो म्हणतात. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात. आईंना 18 लागले, त्यातला बराच वेळ वळतानाच गेला, अगदी चिमुकली पावलं टाकत होत्या. मग बर्ग स्केल, त्यात 14 गोष्टी करायला लावतात, डोळे मिटून उभं राहा, खाली पडलेली चप्पल उचला, एका पायावर उभ्या राहा असं, प्रत्येकाला 4 पैकी मार्क, एकूण 56. आईंना 41.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. पायाच्या अंगठ्याला ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, लावला तर त्यांना थरथर जवळजवळ कळतच नव्हती. म्हणजे जमीन पायाला नीट कळत नाही, तोल सांभाळायचं काम डोळे करतात, म्हणून तर रात्री अंधारात बाथरूमला जाताना झोकांडी जायची! त्याच दिवशी पॅसेजमध्ये नाइट लॅम्प लावला. काठी नुसती वजन घ्यायला नसते, हाताला जमिनीचा अंदाज येतो त्यानेही तोल सावरतो, हे फिजिओने इतकं छान समजावलं की आई लगेच काठीला तयार झाल्या.

घरात सासऱ्यांची काठी होती पण ती उंच, धरली की खांदा वर जायचा. माप असं घेतात, रोजची चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाच्या घडीपाशी मूठ आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं. आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. "अगं, दुखतंय उजवीकडे आणि काठी डावीकडे कशी?" असं आईंनी विचारलंच. उजवा पाय टेकतो तेव्हा डाव्या हातावर थोडा भार जातो, चालून बघितल्यावर त्यांनाच पटलं. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. वॉकर मी मुद्दाम विचारला, पण काठीवर त्यांचं भागत होतं आणि आमच्या जिन्यावर वॉकर चालणारच नाही. खालचं रबर मात्र झिजलं की लगेच बदलायचं, ओल्या लादीवर सटकतं.

आता ओट्याला धरून टाचा उचलायचा व्यायाम चालू आहे, आणि संध्याकाळी गर्दी व्हायच्या आत आम्ही दोघी तलावपाळीला जाऊन येतो. चालायची टेस्ट नंतर काठी घेऊन परत केली तेव्हा 15 सेकंद आले. फाईलमध्ये "काठीसह" असं लिहून घ्या बरं का, नाहीतर पुढच्या वेळी कशाशी तुलना करायची तेच कळत नाही.