उभ्या मशीनची राखण : आमची वाटचाल

जळगाव एमआयडीसीतलं आमचं जनरेटरच्या कामाचं शेड २००५च्या सुमारास सुरू झालं. ते दिवस भारनियमनाचे. डाळ मिल असो, चटईचा कारखाना असो की जिनिंग, जनरेटरशिवाय पाळी निघत नव्हती. आम्ही जुनी इंजिनं घेऊन ओव्हरहॉल करायचो, पॅनल बांधायचो आणि सर्व्हिसिंगला मोटारसायकलवर यावल, चोपडा, पारोळ्यापर्यंत जायचो. काम भरपूर होतं, उधारीही भरपूर. ‘दसऱ्याला देतो भो’ म्हणणाऱ्याला कुठल्या वर्षीचा दसरा, हे विचारायची सोय नव्हती.

काम शिकलो ते मात्र सावदा-रावेरकडच्या केळीच्या चेंबरांत. पिकवणीच्या खोलीत १६ ते १८ अंश टिकवावे लागतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या पुढे असताना लाईट गेली, तर आतला माल बघता बघता हातचा जातो. मशीन, म्हणजे जनरेटर, कुठल्या कंपनीचं आहे याच्याशी चेंबरवाल्याला देणंघेणं नसतं. लाईट गेल्यावर किती वेळात चालू होतं, एवढंच तो विचारतो. रात्री दोनला सेल्फ मारायला माणूस कुठून आणणार? म्हणून लाईट गेल्याचं ओळखून मशीन आपोआप चालू करणारं एएमएफ पॅनल आम्ही तिथे बसवत गेलो, बिघडलं की दुरुस्त करत गेलो.

पुढे भारनियमन कमी झालं. गावाला बरं, आम्हाला वाईट. अशात २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि केळीच्या मळ्यातला गडीही व्हिडिओ बघू लागला. तो व्हिडिओ साठवणाऱ्या इमारती ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात वाढत होत्या. परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या बऱ्याच केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्यामुळे डेटा सेंटरंही त्याच अंगाला. तिथे नोकरीला असलेल्या आमच्याकडच्याच एका मुलाने आमचं नाव सुचवलं. मोठी कंत्राटं मोठ्यांकडे गेली. बॅटऱ्या, डिझेल गाळणं, पॅनलची तपासणी, लोड टेस्ट असली कामं आमच्या वाट्याला आली.

तिथली मशीन्स २००० केव्हीए (जनरेटरची ताकद मोजायचं माप) एवढी मोठी, आणि एकाशेजारी एक अशी रांगच. पूर्ण लोडवर एकेक मशीन तासाला साधारण ४०० लिटर डिझेल पितं. इतकं डिझेल साठवायला नागपूरच्या पेसोचा, म्हणजे स्फोटक आणि ज्वालाग्राही मालाच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेचा, परवाना लागतो. लाईट गेली की सर्व्हर यूपीएसच्या बॅटरीवर जातात, आणि ती बॅटरी काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात, खरं तर दहा-पंधरा सेकंदांतच, मशीन्सनी चालू व्हायचं. मग सिंक पॅनल सगळ्यांचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळवून लोड वाटून देतं. एखादं मशीन रुसलं तरी काम अडू नये म्हणून एक जास्तीचं ठेवलेलं असतं.

आमची खरी पंचाईत मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरने केली, कारण इथे तो फारसा हलतच नाही. आमच्या मिलमधली मशीन्स चालून झिजायची, इथली उभी राहून बिघडतात. चार्जर नीट नसला की बॅटरी बसते, आणि मशीन चालू न होण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, त्यावर शेवाळासारखा चिकट थर धरतो आणि तो ऐनवेळी फिल्टरमध्ये जाऊन बसतो. इंजिन थंड राहिलं तर एकदम लोड घेत नाही, म्हणून कूलंट गरम ठेवणारा हीटर चोवीस तास चालू असावा लागतो. रिकामं किंवा ३० टक्के लोडच्या खाली बराच वेळ चालवलं तर डिझेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरच्या सांध्यातून काळं तेलकट पाणी गळू लागतं. त्यावर उपाय लोड बँकेचा. पंखे लावलेली हीटरची भलीमोठी पेटी मशीनला जोडायची, वीज नुसती जाळायची आणि मशीनला घाम फोडायचा. आम्ही एक छोटी लोड बँक आमच्याच शेडमध्ये बांधली.

१२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आमच्याकडे देखभालीला असलेल्या मशीन्सनी लोड घेतला. एकाही ग्राहकाने अभिनंदनाचा फोन केला नाही. या धंद्यात फोन न येणं हीच पावती.

सीपीसीबीचे, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, जनरेटरच्या धुराबद्दलचे चौथ्या टप्प्याचे नवे नियम १ जुलै २०२३पासून लागू झाले. ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या मशीन्समध्ये आता सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक. पान्याबरोबर लॅपटॉपही लागतो, आयटीआयची पोरं तो आमच्यापेक्षा लवकर शिकली.

सध्या लोड बँक जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत जास्त फिरते. तिथे आठवड्याला पाच मिनिटं मशीन रिकामं फिरवून ‘चालू आहे’ अशी सही करतात. तसं करू नका. महिन्यातून एकदा अर्धा तास, निदान ३० टक्के लोडवर चालवा. आणि त्या दिवशी बॅटरीचा चार्जर काढून बघा, सेल्फ घेते का ते.