मे महिन्यातलं भंडारदरा: पाणी कुठे असेल, तंबू कुठे ठोकायचा

भंडारदऱ्याचे फोटो बहुतेक पावसाळा सरतानाचे असतात. तलाव काठोकाठ, हिरवं गवत थेट पाण्यात उतरलेलं. तेच चित्र डोक्यात ठेवून मित्रमंडळी १ मेच्या जोडून सुट्टीला येतात, तेव्हा गवताची कड आणि पाणी यांच्यामध्ये गाळाचा रुंद उघडा पट्टा पसरलेला असतो. हा तलाव, म्हणजे आर्थर लेक, मुळात प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय आहे. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं की ते इथून खालच्या निळवंडे धरणात, तिथून पुढे ओझर बंधाऱ्यावरून कालव्यांना जातं. खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडची पिकं त्यावर उभी असतात. म्हणून काठ मागे हटत राहतो, आणि तंबू, गाडी, पोहणं हे सगळं त्या हिशोबानेच ठरवावं लागतं.

२०२६ मध्ये १ मे शुक्रवारी येतो, म्हणजे सलग तीन दिवस मिळतात. त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा आहे. तारे बघायला येणार असाल तर हा शनिवार-रविवार सोडा आणि १६ मेची अमावस्या गाठा. नुसतं पाण्याकाठी बसायचं असेल तर चांदण्यातला तलाव फार सुंदर दिसतो, टॉर्चचीही फारशी गरज पडत नाही.

मुंबईहून येताना समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा टप्पा ५ जून २०२५ पासून खुला झाला आहे, त्यामुळे कसारा घाटातली गर्दी टळते. बाइकवाल्यांना मात्र समृद्धीवर प्रवेश नाही, त्यांनी जुन्या महामार्गाने पहाटेच घाट चढून घ्यावा. घोटीला वळलं की बारी, मग धरणाजवळचं शेंडी गाव. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर. पेट्रोल, रोख पैसे आणि बर्फ घोटीत किंवा राजूरलाच घ्या. रतनवाडीच्या बाजूला फोनला रेंज धड मिळत नाही, म्हणून मुक्कामाची जागा घरी शेंडीतूनच कळवून ठेवा.

आता गाळ. वरून तो वाळलेला दिसतो, भेगा पडलेला, पाय ठेवला तर पापडासारखा मोडणारा. तिथपर्यंत चालायला हरकत नाही. पुढे भेगा बारीक होत जातात, रंग गडद होतो आणि शेवटी चकाकणारा गुळगुळीत पट्टा लागतो. त्या पट्ट्यावर काठी टेकवून बघा. वीतभर सहज आत गेली तर पाय गुडघ्यापर्यंत जाणार. अडकलाच तर जोर लावून सरळ वर ओढू नका. पायाखाली पोकळी तयार होते आणि गाळ आणखी घट्ट धरतो. मागे टेकून बसा, वजन पसरू द्या, टाच डावी-उजवीकडे हलवत हवा आत जाऊ द्या आणि पाय हळूहळू काढा. मदतीला जाणाऱ्याने शेजारी उभं राहू नये, कोरड्या जागेवरून काठी किंवा दोर द्यावा. पाण्याजवळ जायचंच असेल तर गाळ टाळून जिथे कातळ किंवा मुरूम थेट पाण्यात उतरतो ती जागा शोधा. गावातल्या माणसाला विचारलं तर तो नेमकी दाखवतो.

गाडीचंही तेच. तलावाच्या पोटात गाडी उतरवायचीच नाही. चाक रुतलंच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकासमोरचा गाळ हाताने काढा, पायपुसण्या चाकाखाली सरकवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळू बाहेर या. नंतर हवा भरायला पंप जवळ हवा.

तंबू पाण्याला खेटून नको. गवताच्या कडेच्या वर, किंचित उंच आणि सपाट मुरमाड जागा बघा. मे महिन्यात ही जमीन इतकी कडक होते की तंबूसोबत येणारे ॲल्युमिनियमचे पेग दोन ठोक्यांत वाकतात. लोहाराकडून किंवा हार्डवेअरमधून ८ इंची लोखंडी खिळे घ्या, एका तंबूला १२, आणि सोबत एक हातोडी. खिळा तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेला ठोका म्हणजे दोर त्याला उपटू शकत नाही. दुपारनंतर वारा वाढतो. वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूला दार ठेवा. ‘चार जणांचा’ म्हणून विकला जाणारा तंबू सामानासकट तिघांचाच धरा.

मे महिन्यातली खरी धास्ती वळवाची. चारच्या सुमारास ढग चढले आणि हवा एकदम पडली तर बाहेरची दोर लगेच ताणून घ्या. गडगडाट ऐकू येताच पाण्यातून बाहेर या, एकट्या उभ्या झाडाखालून आणि तंबूतूनही निघा, आणि गाडीत किंवा पक्क्या घरात बसा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात सपाट वाळू कितीही मोहक दिसली तरी तंबू नको. धरणाच्या खालचं नदीपात्रही टाळा, आवर्तन सुटलं की तिथलं पाणी बघता बघता वाढतं.

पोहण्याबद्दल माझं मत ठाम आहे: लाइफ जॅकेटशिवाय नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. पाणी उतरलं की बुडालेल्या शेतांचे बांध, दगड आणि झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या अगदी खाली येतात, आणि कमरेएवढ्या पाण्यात चालताना जुन्या पात्राच्या काठावरून जमीन एकदम संपते. जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्यावरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. काठावर २० मीटर दोर ठेवा, त्याच्या टोकाला ५ लिटरचा कॅन बांधा. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवून बूच घट्ट लावा. अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, थोडं वजन असलं की नेमका फेकता येतो आणि तरंगतोही. बुडणाऱ्यामागे उडी मारण्यापेक्षा हा कॅन फेका. दारू घेतलेल्याने त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, हे निघण्याआधीच सगळ्यांनी कबूल करावं.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर. सहा जण, दोन दिवस म्हणजे ४८, वर स्वयंपाक-भांड्यांना २०. २० लिटरचे चार जार घरूनच भरून आणा. या दिवसांत आसपासच्या वाड्यांमध्ये विहिरींचा तळ दिसायला लागतो, तिथल्या हापशावर आपले जार भरणं बरं नाही. बर्फ चुऱ्याऐवजी लादीचा घ्या, सावकाश वितळतो.

जेवणाला गावातल्या घरी आधी सांगून ठेवलं तर नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, हवं तर गावठी कोंबडी मिळते. आपण एकच वेळ रांधावं, तेही गॅसवर. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे आणि वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं. मुक्कामाच्या जागी चूल मांडायची परवानगी असलीच तर पाण्याकाठचे ओले दगड घेऊ नका. त्यांच्या भेगांमधल्या पाण्याची वाफ होते आणि दगड तडकून कपचे उडतात. वरच्या माळावरचे कोरडे दगड आणा. निखारे विझवताना पाणी ओता, काडीने ढवळा, पुन्हा ओता. हाताला गार लागल्याशिवाय झोपायला जाऊ नका.

मे अखेरीस येत असाल तर काजवे दिसायला लागतात. रतनवाडीच्या वाटेवर हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं त्यांनी लखलखतात. नर-मादी एकमेकांना प्रकाशानेच शोधतात, त्यामुळे हेडलाइट, फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. चालायला टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून प्रकाश पायापाशीच पाडा. झाडाखाली जाऊ नका, माद्या जमिनीलगत, गवतात असतात.

सकाळी आवरताना बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. तंबू उचलताना एकाने एक कड धरून आपल्यापासून दूर उलटवायची, हात खाली घालायचा नाही. रात्रभर अंगाखालच्या उबेला विंचू येऊन बसलेला असू शकतो. काढलेले खिळे मोजून पिशवीत टाका, बारा असायला हवेत. राहिलेला एखादा गुरांच्या खुरात जातो.