‘द पॅराडाइज’च्या मुलखात: न्यूकॅसल, पेनशॉ आणि बीमिश

इंग्लंडला जाणारी आपली माणसं ईशान्येकडे फारशी वळत नाहीत. लंडन पाहतात, एडिनबराला जातात, आणि मधला डरहम-न्यूकॅसलचा पट्टा गाडीच्या खिडकीतून मागे पडतो. मी लंडनच्या किंग्ज क्रॉसहून गाडी पकडली ती थेट न्यूकॅसलसाठी, आणि त्याला कारण होतं ‘द पॅराडाइज’. बीबीसीवर २०१२ आणि २०१३ मध्ये या मालिकेचे दोन हंगाम आले, प्रत्येकी आठ भागांचे. पुढे ती बंद झाली. माझ्या मनातून मात्र गेली नाही.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. डेनिस लव्हेट ही मुलगी स्कॉटलंडमधल्या पीबल्स गावाहून आपल्या काकाकडे येते. काका एडमंडचं कापडाचं जुनं दुकान, तिथे काम मिळेल ही आशा. पण दुकानात गिऱ्हाईकच नाही, कारण समोर ‘पॅराडाइज’ उभं राहिलंय. फिती, हातमोजे, रेशीम, टोप्या, तयार पोशाख, सगळं एका छपराखाली. डेनिस रस्ता ओलांडते आणि तिथेच नोकरी धरते. मालक जॉन मॉरे विधुर आहे, देखणा आहे, धाडसी आहे आणि उसन्या पैशावर उभा आहे. पैसा लॉर्ड ग्लेंडेनिंगचा, आणि लॉर्डसाहेबांच्या मुलीला, कॅथरिनला, मॉरे हवा आहे.

बहुतेक जण याला प्रेमत्रिकोण समजून पाहतात. मला ती पहिल्यापासून दोन दुकानदारांची गोष्ट वाटत आली. डेनिसला मॉरे आवडतो हे खरं, पण त्याहून जास्त तिला त्याचं काम आवडतं. कुठला माल कुठे मांडावा, गिऱ्हाइकाला आत कसं खेचावं, पडून राहिलेला ताग्यांचा ढीग कसा खपवावा, हे तिला त्याच्याइतकंच सुचतं, कधी त्याच्याआधी सुचतं. मॉरेच्या डोळ्यांत तिच्याविषयी प्रेम दिसतं त्याच दृश्यात थोडी धास्तीही दिसते. एमन एलियट आणि जोआना व्हँडरहॅम या दोघांनी हे इतकं नेमकं उभं केलंय की शब्दांची गरज पडत नाही.

मूळ कथा पॅरिसची. एमिल झोलानं १८८३ मध्ये लिहिलेली ‘ओ बोनर दे दाम’ ही कादंबरी. पटकथाकार बिल गॅलहर यांनी ती उचलून उत्तर इंग्लंडात आणली. हा बदल सोयीसाठी केला की या मातीत ती गोष्ट खरोखर रुजते, हे मला स्वतः फिरून बघायचं होतं.

माझी एक मैत्रीण इथे बरीच वर्षं राहते. तीही मालिकेची तितकीच वेडी, फक्त ती कॅथरिनच्या बाजूची. पहिल्याच दिवशी तिनं मला पेनशॉच्या टेकडीवर नेलं. वर ग्रीक मंदिरासारखी एक बिनछपराची वास्तू आहे, काळवंडलेल्या दगडाची, प्रचंड खांबांची. १८४४ मध्ये डरहमचे पहिले अर्ल जॉन जॉर्ज लॅम्ब्टन यांच्या स्मरणार्थ ती उभारली. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. तिनं हात करून वेअर नदीपलीकडची झाडी दाखवली. “त्या तिकडे लॅम्ब्टन कासल. तुझं पॅराडाइज तिथेच होतं बघ.”

मालिकेतली टोलगेट स्ट्रीट, मॉरेचं झगमगतं दुकान आणि समोरचं एडमंडचं अंधारं दुकान, सगळं त्या कासलच्या आवारात उभारलं होतं. लॉर्ड ग्लेंडेनिंगच्या वाड्यासाठी त्याच घराण्याचा बिडिक हॉल वापरला. दोन्ही खासगी मालमत्ता, त्यामुळे वाटेल तेव्हा आत जाता येत नाही, आणि तो सेटही आता नाही. तरी टेकडीवर येणं सार्थकी लागलं, कारण इथून मुलूख दिसतो. लॅम्ब्टन घराण्याची श्रीमंती कोळशाची. टाइन आणि वेअर या दोन नद्यांच्या काठी खाणी होत्या, जहाजं बांधली जात होती, न्यूकॅसलच्या एल्सविकमध्ये आर्मस्ट्राँगचा अवाढव्य कारखाना १८४७ पासून धडधडत होता. त्यातून पगारदार, व्यापारी, अभियंते असा एक नवा वर्ग हाती पैसा घेऊन उभा राहिला. त्यांच्या घरच्या बायकांना उमरावांच्या बायकांसारखं दिसायचं होतं, आणि शिंप्याकडे आठवडे काढायची त्यांची तयारी नव्हती. मॉरेचं दुकान नेमकं या बायकांसाठी आहे. उमरावाच्या जमिनीखालच्या कोळशानं हे शहर श्रीमंत झालं, आणि मालिकेत त्या शहराच्या दुकानदाराला भांडवलासाठी उमरावाच्याच दारात जावं लागतं. कॅथरिनचा हट्ट त्या पैशाच्या जोरावर चालतो.

“म्हणजे तिला प्रेम नव्हतंच म्हणतेस?” मैत्रीण वाऱ्यात ओरडली.

“होतं गं. पण बापाच्या हुंडीसकट होतं.”

ती रुसली. लग्नाच्या दिवशी मॉरे कॅथरिनला सोडून जातो, तो प्रसंग तिला आजही सहन होत नाही. एलेन कॅसिडीनं त्या बाईचा अहंकार आणि तिचं तुटणं एकाच चेहऱ्यावर दाखवलंय, तेव्हा तिचा राग मला कळतो.

दुसऱ्या दिवशी बसनं बीमिशला गेलो. हे उघड्यावरचं संग्रहालय १९७० पासून आहे. जुन्या इमारती ठिकठिकाणाहून दगडादगडानं सोडवून इथे पुन्हा उभ्या केल्यात. ट्रामनं गावात उतरलं की पहिल्या महायुद्धाआधीची एक आख्खी बाजारपेठ समोर येते. मालिकेचा काळ याच्या तीनेक दशकं मागचा, पण दुकान आतून कसं चालायचं हे कळायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. मी सर्वांत जास्त वेळ काढला तो ॲनफिल्ड प्लेनहून आणलेल्या सहकारी भांडारात.

तिथला कापडाचा विभाग पाहताना मालिकेतली कितीतरी दृश्यं उलगडली. लांबलचक लाकडी काउंटर. त्याच्या अलीकडे गिऱ्हाइकासाठी खुर्ची, पलीकडे विकणारी मुलगी, दिवसभर उभी. मागे छतापर्यंत खण, त्यांत लेस, बटणं, लोकर. माल हात लावायला मोकळा पडलेला नाही. काय दाखवायचं ते पलीकडची व्यक्ती ठरवते. एडमंडच्या दुकानाची ताकद हीच होती. तो गिऱ्हाइकाला ओळखायचा, कापडाचा पोत ओळखायचा, उधारी सांभाळायचा. मॉरेनं हे सगळं मोडलं. ठरलेला भाव, रोख पैसे, आणि काही घेतलं नाही तरी हिंडायला मुभा. त्या काळच्या बाईला घर आणि चर्च सोडून विनाकारण फिरता येईल अशी ही एक नवी जागा मिळाली. ओळख ना पाळख अशी माणसं इथे एकमेकांना भेटतात, विकणारी मुलगी सरदारणीच्या कमरेला मोजपट्टी लावता लावता तिचं गुपित ऐकते. मालिकेतली अर्धी प्रेमं आणि सगळी कारस्थानं या मोकळ्या जागेत जन्मतात.

डोक्यावर लाकडी गोळ्यांचे रूळ आहेत. विकणारी व्यक्ती पैसे पोकळ गोळ्यात घालते, गोळा वर चढवते, तो उतारावरून घरंगळत थेट रोखपालाच्या खोलीत जातो आणि सुटे पैसे घेऊन परत येतो. ही पद्धत १८८० च्या दशकात आली, म्हणून मॉरेच्या काळात ती नसणार. पण तिच्यामागचा विचार त्याच जगातला आहे. माल विकणारीच्या हाती गल्ला द्यायचा नाही. तो गोळा घरंगळताना पाहिला आणि डेनिसची कोंडी मला एकदम स्वच्छ दिसली. तिच्या कल्पनांवर दुकान चालतं, नफा मात्र तिच्या डोक्यावरून दुसऱ्याच खोलीत जातो.

पॅराडाइजमध्ये डेनिसच्याच विभागात काम करणारी आणि तिच्यावर खार खाणारी क्लॅरा, तिचं कडवटपणही तिथेच समजलं. दुकानातल्या मुली दुकानातच राहायच्या, वरच्या मजल्यावर, एका खोलीत तिघी-चौघी. त्यांच्या उठण्याबसण्यावर, भेटीगाठींवर मालकाचे नियम. लग्न केलं की नोकरी गेली. कामाचे तास किती असावेत याची कल्पना कायद्यावरूनच येते: १८८६ मध्ये संसदेनं अठरा वर्षांखालच्यांसाठी दुकानातल्या कामाला मर्यादा घातली, ती आठवड्याला ७४ तासांची, जेवणाची वेळ धरून! अशा घरात दोन मुली एकाच बढतीवर आणि एकाच मालकावर डोळा ठेवून असतील तर मैत्री टिकवायला मोठं मन लागतं. क्लॅराला खलनायिका म्हणणाऱ्यांनी ती खोली डोळ्यांपुढे आणावी.

मग न्यूकॅसल शहर. ग्रे स्ट्रीटचा वळत उतरणारा रस्ता सुंदर आहे, टाइनवरचे पूलही, पण त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिलंय. मी ग्रेंजर मार्केटमध्ये शिरले. रिचर्ड ग्रेंजर यांनी शहराचा मध्यभाग नव्यानं बांधला तेव्हा वास्तुविशारद जॉन डॉब्सन यांच्या आराखड्यावर हा झाकलेला बाजार उभा राहिला, १८३५ मध्ये. आजही तो भाजी, मांस, फुलं, बटणं, चपला असा सगळा चालू आहे. आत मार्क्स अँड स्पेन्सरचा एक चिमुकला गाळा आहे, १८९५ पासूनचा, ‘पेनी बझार’ ही पाटी मिरवणारा. मायकेल मार्क्स यांनी लीड्सच्या बाजारात सुरुवात केली ती ‘भाव विचारू नका, सगळं एक पेनी’ अशी पाटी लावून. मॉरेचा आत्मविश्वास आणि ही पाटी एकाच गावची वाटते. घासाघीस संपली की गिऱ्हाइकाचा संकोच संपतो, हे दोघांनाही कळलं होतं.

याच बाजाराजवळच्या मार्केट स्ट्रीटवर बेनब्रिज होतं. इमर्सन मशॅम्प बेनब्रिज यांनी १८३८ मध्ये भागीदारीत कापडाचं दुकान काढलं आणि १८४९ पर्यंत तिथे प्रत्येक विभागाचा हिशेब वेगळा ठेवला जात होता. त्यामुळे जगातल्या अगदी पहिल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्याचं नाव घेतात. म्हणजे पॅरिसची गोष्ट उसनी आणून इथे चिकटवलेली नाही. इथे तिची स्वतःची मुळं होती. पुढे हे दुकान जॉन लुईसच्या समूहात गेलं, जागा बदलली, नावही गेलं.

आणि माझ्या प्रश्नाचं पुरतं उत्तर नॉर्थंबरलँड स्ट्रीटवर मिळालं. जॉन जेम्स फेनिक हे मूळचे कापडाच्या दुकानातले नोकर. १८८२ मध्ये त्यांनी इथे बायकांचे झगे आणि फरचे कपडे शिवून देणारं स्वतःचं दुकान थाटलं. त्यांचा मुलगा फ्रेड धंदा शिकायला पॅरिसला गेला आणि ‘बों मार्शे’ हे तिथलं मोठं दुकान पाहून भारावला. परतल्यावर त्यानं वडिलांचं दुकान लोकांना मोकळेपणी हिंडता येईल असं करायला लावलं. आता गंमत पाहा, झोलानं कादंबरीसाठी टिपणं काढली ती याच ‘बों मार्शे’मध्ये जाऊन. तेच पॅरिसचं दुकान एका बाजूनं कादंबरीत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं एका न्यूकॅसलकराच्या डोक्यातून या रस्त्यावर आलं. शे-सव्वाशे वर्षांनी मालिकेनं दोन्ही वाटा एकत्र आणल्या. हे कळलं तेव्हा मी रस्त्यातच थांबून मैत्रिणीला सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

फेनिक आजही जोरात आहे. आम्ही टोप्यांपासून खाण्याच्या विभागापर्यंत हिंडलो. तिथे चहा घेताना शेवटी विषय निघाला तो मिस ऑड्री आणि एडमंडचा, कारण त्या दोघांवर आमचं कधी नव्हे ते एकमत आहे. सारा लँकेशरनं उभी केलेली ऑड्री बायकांच्या पोशाखांची प्रमुख, कडक शिस्तीची. तारुण्यात तिनं एडमंडऐवजी काम निवडलं. आता ती त्याच दुकानात उभी आहे जे एडमंडला रोज थोडं थोडं संपवतंय. मॉरे-डेनिसच्या प्रेमात उद्याची आशा आहे. या दोघांकडे फक्त रस्त्याची रुंदी उरलीय. मैत्रीण म्हणाली, ऑड्रीनं तेव्हाच त्याला हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, म्हटलं असतं तर ती आयुष्यभर त्याच्या गल्ल्यावर बसली असती, आणि तिला काय येतं हे कुणाला कळलंच नसतं. ऑड्रीवर एकमत आहे असं आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं, चहा संपेपर्यंत तेही उरलं नाही.

जाणार असाल तर बीमिशला अख्खा दिवस ठेवा, आणि भांडारातला तो गोळ्यांचा रूळ चालवून दाखवतात तोवर थांबा. पेनशॉला वाऱ्याचा कोट हवाच. फेनिकच्या काचेच्या खिडक्यांत नाताळाआधी हलत्या बाहुल्यांचा देखावा असतो, १९७१ पासूनची प्रथा आहे. तो पाहायचा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर गाठा.