निप्पल खाली, हवा वर

ब्रेकची एअर, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा, मी डोळे मिटून काढतो, असं मी चारचौघांत सांगायचो. त्या दिवशी सकाळी गाडी आत घेतली ती दुपारी 3 वाजले तरी पेडल मऊच.

काम तसं किरकोळ. कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोरावर पॅड चाकाच्या डिस्कवर आवळणारा भाग. पुढच्या दोन्ही कॅलिपरचे पिस्टन जाम झालेले, पॅड एकीकडून झिजलेले. कॅलिपर उतरवले, दोन्ही एकाच ट्रेमध्ये धुतले, नवी सील घातली, परत चढवले. होज, म्हणजे कॅलिपरला ऑइल आणणारा रबरी पाइप, जोडताना त्याला जरा पीळ बसतोय असं वाटलं होतं. पण बसला, घट्ट झाला, मी पुढे गेलो.

मग नेहमीची कवायत. पोरगा सीटवर, मी चाकापाशी. निप्पलवर, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या स्क्रूच्या तोंडावर, पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाब." "दाबलं, दादा." "धर तसंच." निप्पल थोडं सैल, ऑइल सुटतं, निप्पल बंद. "सोड." निप्पल बंद व्हायच्या आत पोरानं पाय उचलला तर हवा उलटी आत जायची भीती, म्हणून हे शब्द आमच्याकडे मोठ्यानेच बोलतात. पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवतो. पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर; जुना असेल तर त्याच्या तळाकडे सील एरवी पोचत नाही, तिथे मळ आणि गंज धरलेला असतो. पेडल पार जमिनीला टेकवलं की सील त्यावर घासून खराब व्हायचं. एक दुरुस्ती करता करता दुसरी गळ्यात.

चारही चाकांतून स्वच्छ ऑइल आलं, बुडबुडा एकही नाही. पेडल मात्र पहिल्या दाबाला खोल जायचं, दोन-तीनदा मारलं की वर यायचं, जरा थांबलं की पुन्हा खोल. दुसरी फेरी, तिसरी फेरी. टाकीत ऑइल ओत, खाली ये, पाना लाव. लिटरभर ऑइल गेलं. पोरगा बाटलीकडे बघून म्हणाला, "दादा, हेच परत ओतू का? स्वच्छ दिसतंय." नाही म्हटलं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 प्रतीचं कोरडं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं, आणि त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तीच हद्द 155 वर येते. उताराला ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, की वाफ होते. वाफ दबते, पेडल पायाखालून जातं.

आता संशय मास्टर सिलिंडरवर. पण त्याचं सील गेलं असेल तर पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकतं. इथे धरलं की जागचं हलत नव्हतं, नुसतं रबरासारखं लागत होतं. म्हणजे हवाच. पण कुठे?

होज दाबायच्या क्लॅम्पनी पुढचे दोन्ही होज बंद केले. पेडल दगड! म्हणजे मास्टर आणि मागची चाकं निर्दोष. डावा क्लॅम्प काढला, मऊ. तो परत लावून उजवा काढला, तरी मऊ. दोन्हीकडे सारखाच दोष म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. सारखा दोष म्हणजे सारखा हात, आणि हात माझाच.

बॅटरी घेऊन चाकाच्या आत वाकलो. निप्पल खाली होतं, होजचं तोंड वर. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. बोल्ट बसतात, डिस्कवर चपखल येतात, काही अडत नाही. फक्त हवा वर जाते आणि तिला बाहेर पडायची वाट खाली. मी दिवसभर कॅलिपरच्या तळातून स्वच्छ ऑइल काढत बसलो होतो, आणि हवा वरच्या कोपऱ्यात मजेत बसली होती. होजचा पीळ सकाळीच सांगत होता.

तरी खात्री करावी म्हणून एक कॅलिपर बोल्ट काढून हातात घेतला, पॅडांमध्ये लाकडाची फळी दिली, नाहीतर पिस्टन उडून बाहेर यायचा, आणि निप्पल आकाशाकडे केलं. "दाब." निप्पल उघडताच नळीत आधी नुसता फेस, मग बोटाच्या पेराएवढा एक लांबच लांब बुडबुडा संथपणे सरकत गेला. पोरगा सीटवरून मान वाकडी करून बघत होता. "एवढी?" म्हणाला.

कॅलिपर अदलाबदल करून पुन्हा सगळी एअर काढली. अर्ध्या तासात पेडल वरच्या वर, टणक. फेंडरवर सांडलेले थेंब पाण्याने धुतले, हे ऑइल रंग खातं.

गाडीवाले संध्याकाळी आले. "मास्टर सिलिंडर गेला होता का?" त्यांनी विचारलं. "नाही. कॅलिपर उलटसुलट बसवले होते, मीच." ते काही बोलले नाहीत. सीटवर बसले, आणि गाडी चालू करायच्या आधी तीनदा पेडल दाबून बघितलं.