बाईंचा गोफ

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं निमंत्रण आलं. शाळेबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, ते इतर जण लिहितीलच. इथे फक्त बाई. कोणत्या बाई, हे सांगायला नको. आम्हाला नाच शिकवणाऱ्या, जुन्या हॉलच्या तुळईला ज्यांनी हट्टाने हूक बसवून घेतला, त्या.

गोफ म्हणजे वर हुकाला बांधलेल्या दोऱ्या हातात धरून, फिरत फिरत त्यांची वेणी विणायची आणि मग वळून उलट फिरत ती उकलायची, असा नाच. त्याचं बाईंचं माप ठरलेलं होतं. हूक 12 फुटांवर, दोऱ्या 13 ते 14 फुटांच्या, सुती, बोटाएवढ्या जाड. मुली 12. आठही चालतात, पण संख्या सम हवीच, कारण निम्म्या एका दिशेने फिरतात आणि निम्म्या उलट दिशेने. एका गटाच्या दोऱ्या लाल, दुसऱ्याच्या पिवळ्या. आणि ते शोभेसाठी नव्हे. दोन रंग असले की चुकलेला टाका वेणीवर लांबूनही ओळखू येतो. नायलॉनची दोरी बाईंनी कधी आणू दिली नाही. ती सुळसुळते, टाका धरत नाही आणि वेणी वरूनच सैल पडते.

चाल ऐकायला साधी. समोरून येणाऱ्या पहिलीला बाहेरून ओलांडायचं, दुसरीला आतून, तिसरीला पुन्हा बाहेरून. दुसऱ्या गटाचं बरोबर उलट. आतून जाणारी मान लववते, बाहेरून जाणारी हात उचलून आपली दोरी तिच्या डोक्यावरून नेते. एक ओलांडणी चार मात्रांत, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाच्या एका आवर्तनात दोन. एरवी हात खांद्याच्या उंचीवर, दोरी ताठ पण ओढलेली नाही. एकीने जरी ओढली तरी वेणी तिच्याकडे कलते. साधारण चार फूट वेणी उतरली की रिंगण तीनेक फुटांनी आत आलेलं असतं. तिथे थांबायचं. आणखी दोन टाक्यांचा मोह केला की खांद्याला खांदे लागतात.

विणणं आठवड्याभरात कुणालाही जमतं. बाईंचा जीव अडकलेला असे तो उकलण्यात.

एका स्नेहसंमेलनाच्या रंगीत तालमीत वेणी सुरेख उतरली, सगळ्या वळल्या आणि चार पावलांत गोफ जाम झाला. ढोलकी थांबली. मुलींनी घाबरून दोऱ्या खेचल्या, तशी गाठ आणखी आवळली. बाई ओरडल्या नाहीत. ‘दोरी सोडायची नाही, ओढायची नाही,’ एवढंच म्हणाल्या आणि स्टुलावर चढून गाठ बघत राहिल्या. मग दोघींना एकेक ओलांडणी मागे नेलं आणि अडी सुटली.

चूक नेमकी अशी होती. वळल्यावर जी पहिली समोर येते, तिलाच आपण वळण्याआधी शेवटचं ओलांडलेलं असतं. म्हणून तिला त्याच बाजूने ओलांडायचं: शेवटची बाहेरून गेली असेल तर पुन्हा बाहेरूनच. पण पायांना एकाआड एकची सवय लागलेली असते, ते आतून जातात. मग टाका सुटण्याऐवजी दोन दोऱ्या एकमेकींना आकडा घालतात. आणि ही चूक कधी एकटीची नसते. एक आतून गेली तरच दुसरी बाहेरून जाते. दोघींनी मिळूनच ती होते. त्यामुळे बाईंनी कुणाला बोल लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून पहिली पंधरा मिनिटं दोऱ्यांशिवाय नुसतं वळण. मोकळ्या हातांनी, जोडीजोडीने.

हाच गोफ सौराष्ट्रात ‘गोफगुंथण’, तमिळनाडूत ‘पिन्नल कोलाट्टम’, आंध्र-तेलंगणात ‘जडकोलाटम’. पिन्नल काय, जड काय, अर्थ वेणीच. गोव्यात तो शिगम्यात, म्हणजे तिथल्या शिमग्यात, घुमट-शामेळ या वाद्यांवर. वीण एक असली तरी वाद्य आणि ठेका ज्या त्या मुलखाचाच, हा बाईंचा दंडक. वारल्यांच्या तारपा या फुंकवाद्यावरच्या नाचात रिंगण पुरं बंद न करता साखळीचं टोक मोकळं ठेवायचं आणि वादकाकडे पाठ फिरवायची नाही, हेही त्यांच्याचकडचं. लेझमीच्या खणखणाटात त्या तारपा कधी मिसळू देत नसत.

आता आंतरशालेय स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याचा मान मिळतो तेव्हा पहिला गुण बाईंच्या नावावर जमा होतो. बाकी जे दिसतं ते सांगवत नाही. आठ मिनिटांत आठ राज्यं. भांगडा, बिहू, घूमर यांना एकच उडी आणि वर फक्त दुपट्टा बदललेला. पूर्व भारतातला छाऊ नाच म्हटलं की सरसकट मुखवटे. सरायकेला आणि पुरुलियाला ते असतात, मयूरभंजच्या छाऊला नसतात, एवढं तरी विचारून घ्यावं. 2010 साली छाऊ युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, 2023 साली गुजरातचा गरबा. त्याने टाळ्या वाढल्या, तालमी नाही. गोफ तर क्वचितच येतो. आला की सॅटिनच्या फितींचा, आणि वेणी पुरी झाली की पडदा पडतो. उकलून दाखवतच नाहीत!

नव्या सभागृहाच्या छतात हूक कुठे दिसला नाही. काम अजून चालू आहे, तर एक बसवून घ्या. 12 फुटांवर. पक्का हवा, फिरता नको.