गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेली म्हणून लगेच जाड ऑइल नको

बाबांची २०११ची पेट्रोल स्विफ्ट आता मी चालवतो, १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. गेल्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाले दादा म्हणाले, "जुनी झाली आता, २०डब्ल्यू-५० टाकू, आवाज पण कमी येईल." मी नकोच म्हटलं. जुनी गाडी म्हणजे जाड ऑइल हे इतकं सरसकट सांगतात ना, ती ऑइल का खाते हे कुणी आधी बघतच नाही.

डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतला आणि नंतरचा १०० डिग्रीला, म्हणजे इंजिन तापल्यावर ऑइल किती जाड राहतं तो. पुण्यात थंडी पडून पडून ८-१० डिग्री, त्यामुळे २०डब्ल्यूनेही गाडी सुरू होईलच, पण रात्रभर उभ्या गाडीत ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जायला जितका उशीर तितकी झीज, म्हणून मला पातळच बरं वाटतं. शिवाय व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा) ऑइलच्या प्रेशरवरच चालतं, ५०चं जाड ऑइल त्याच्यासाठी बनवलेलंच नाही.

मग मी दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालून परत काढायची आणि वहीत लिहायचं असं सुरू केलं. हजार किलोमीटरला पाव लिटर टॉपअप लागत होतं. खाली ठिपका नाही, गळती नाही. पण सकाळच्या पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धूर यायचा आणि दोन मिनिटांत थांबायचा. हे व्हॉल्व्ह सील (वरचं ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणारे रबर) कडक झाल्याचं लक्षण, पळवताना सारखा निळा धूर असता तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घेतला असता.

सील बदलून घेतले, ऑइल परत ५डब्ल्यू-३०च भरलं, डब्यावर एपीआय एसएन ही दर्जाची खूण बघून. रिंगा झिजल्या असत्या आणि इंजिन उघडायचं नसतं तर मॅन्युअलच्या तक्त्यात बसत असेल तरच ३०वरून ४०वर गेलो असतो, त्याच्या पुढे नाही. आणि गरम इंजिनला आयडलिंगवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर कृपया ऑइल बदलून बघत बसू नका, आधी गेज लावून प्रेशर मोजून घ्या.

सील बदलल्यावर दोन हजार किलोमीटर झाले. परवा डिपस्टिक पाहिली, वरच्या खुणेच्या नखभर खाली.