बाकाची लांबी

विलेपार्ले, एप्रिलअखेर

बाकाची लांबी ठरवायला माणसांचा आकडा लागतो, हे मला आज कळले. मिस्त्रींचे विचारणे अगदी साधे होते. "काकू, एका वेळी किती जण बसतील?" एका माणसाला ऐसपैस बसायला दोन फूट धरायचे, म्हणजे चौघांना आठ आणि सहाजणांना बारा, हिशेब एवढाच. मी "संध्याकाळी सांगते" म्हणाले, आणि संध्याकाळ उलटून गेली तरी तो आकडा माझ्याच्याने सांगवलेला नाही.

परसातल्या लाकडी ओट्याचे बाकीचे सारे ठरले आहे आणि ते ठरवताना मला कुठेही अडखळायला झाले नाही. ओटा दहा फूट बाय आठ फूट, जमिनीपासून फूटभर वर. खांब मातीत पुरायचे नाहीत, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करायचे, कारण लाकूड मातीला टेकले की वाळवीला आयती वाट मिळते. आडवे वासे सोळा-सोळा इंचांवर, त्यांवर इंचभर जाडीच्या फळ्या, आणि दोन फळ्यांमध्ये दोन सुतांची (पाव इंचाची) फट, म्हणजे पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगले तरी फळ्या एकमेकींना रेटणार नाहीत आणि पाणी खाली निथळून जाईल. ड्रेनेजच्या चेंबरवरचा तुकडा उचलून काढता येईल असा सुटा ठेवायचा. कडेने बारीक जाळी, घुशींसाठी. लाकूड जुना साग, कुठल्याशा चाळीच्या पाडकामातून निघालेला. त्यात तुटून राहिलेला एकेक खिळा रंधा मारण्याआधी शोधून काढावा लागतो, नाहीतर पात्याची धार जाते. हे सगळे ऐकताना मला फार बरे वाटत होते. एखादे काम नीट कसे करायचे हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसाचे बोलणे ऐकण्यात एक आधार असतो. आणि मग त्यांनी तो आकडा विचारला.

खरे उत्तर एक, असे आहे. सुमंतचा फोन रविवारी येतो आणि दर फोनला "बघू, दिवाळीत जमतंय का" हे वाक्य असते. नीला येते ती घाईत, चपलाही न काढता दारातूनच बोलते. आक्कांना आता मागची पायरी उतरवत नाही. ह्यांच्याबद्दल आज लिहायला नको. दोन फुटांचे बाक करा, असे मी मिस्त्रींना कोणत्या तोंडाने सांगू? आणि सहाजणांचे करून घेतले, तर रोज संध्याकाळी पाच माणसांची रिकामी जागा माझ्या शेजारी येऊन बसणार. दुपारी मागच्या फरशीवर मी खडूने आठ फुटांची रेघ ओढून पाहिली. ती फार लांब वाटली म्हणून पुसून सहाची केली, तर तीही लांबच वाटली. फरशीवर ओणवी होऊन रेघ पुसताना मला रडू आले, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला ते सांगण्यासारखे नाही.

शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, की आज ना उद्या हे घरही पुनर्विकासात जाईल, मग एवढा खर्च कशाला. विमानतळामुळे पार्ल्यात इमारतींच्या उंचीवर निर्बंध आहेत आणि त्यापायी कितीतरी इमारतींचे काम रखडले, हे त्यांनाही ठाऊक आहे. शिवाय मिस्त्री सगळे स्क्रूने जोडणार आहेत, तेव्हा उद्या उकलायचे झाले तरी फळी न फळी सुटी होईल. त्यांच्या बोलण्याचे मला काही वाटले नाही. मला लागले आहे ते त्या आकड्याचे.

ओटा जमिनीपासून फूटभर वर का, असे मिस्त्रींनी विचारले नव्हते, तरी मीच त्यांना सांगितले, की २६ जुलै २००५ला पाणी मोरीच्या उंबऱ्यापर्यंत चढले होते. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लोकल बंद, रस्त्यांवर पाणी आणि माणसे मिळेल त्या वाटेने घराकडे चालत निघालेली. त्या रात्री आमच्या घरात किती जण होते, ते आजही मला सांगता येणार नाही. पलंगावर, पाटांवर, उलट्या घातलेल्या बादलीवर, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माणसे होती. कांदिवलीला निघालेली एक मुलगी पहाटेपर्यंत पिठाच्या डब्यावर बसून होती. आम्ही भाताचे आधण पुन्हा पुन्हा ठेवत राहिलो. तेव्हा आमच्याकडे बसायला धड चार खुर्च्याही नव्हत्या, आणि कुणाला बसवायचे कुठे हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

हे लिहिता लिहिता मन थोडे निवले आहे. मिस्त्रींना आकडा हवा आहे तो बाकाखाली पाय किती लावायचे हे ठरवण्यासाठी. माझ्या घरी कोण येते आणि कोण येत नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. फळ्या आठ फुटी आल्या आहेत, तेव्हा बाक आठ फुटांचे. त्याला मध्ये दोन आणि टोकांना दोन अशा पायांच्या चार जोड्या पुरतील. कोपऱ्यात वळवून दुसरी बाजू करायची नाही, तिथे लिंबाला मोकळी जागा राहू दे. भिंत पावसात ओल धरते, म्हणून बाक तिच्यापासून चार इंच पुढे.

उंची अठरा इंच ठीक आहे. रुंदी मात्र त्यांनी सोळा इंच धरली आहे, ती मला कमी वाटते. मला मांडी घालून बसायचे आहे, आणि दुपारी पाठ टेकावीशी वाटली तर आडवेही व्हायचे आहे. चार इंची फळ्या पाच घेतल्या आणि मधल्या चार फटी धरल्या, तर बरोबर एकवीस इंच होतात आणि एकही फळी उभी चिरावी लागत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत, कारण जुहूकडून येणारी खारी हवा साध्या लोखंडाला टिकू देत नाही. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो, त्याआधी तेलाचे दोन हात व्हायला हवेत. सकाळी मिस्त्री आले की एकवीस इंचांचे सांगणार आहे. लाकूड थोडे जास्त लागेल, ते लागू दे.